कार्ड आहे, तरी चित्र प्रोसेसरच काढतो: पुन्हा पुन्हा हळू होणाऱ्या मशीनचं काय करायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, फोन कुठूनही आला तरी कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाबद्दलची तक्रार साधारण हीच असते: "कार्ड नवं शे, तरी बी मशीन हळू चालस." महिन्याभरापूर्वी फॉरमॅट मारलेला असतो, रॅम वाढवलेली असते, आणि पंधरा-वीस दिवस मशीन पळालेलंही असतं. मग अचानक अल्बमचं पान फिरवताना चित्र तुकड्या-तुकड्यांनी सरकायला लागतं. दागिन्याचं थ्रीडी मॉडेल माऊसच्या मागे रेंगाळतं. लग्नाच्या व्हिडिओचा प्रीव्ह्यू अडखळतो. की पुन्हा फॉरमॅट.

यातले बरेचसे फॉरमॅट वाया जातात. मशीन मंदावलेलं नसतंच. चित्र काढायचं काम कार्डाकडून प्रोसेसरकडे गेलेलं असतं, आणि ते कुणी सांगितलेलं नसतं. याला सॉफ्टवेअर रेंडरिंग म्हणतात. कार्ड सापडलं नाही, किंवा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कोसळला, तर विंडोज, लिनक्स, ब्राउझर सगळेच पडदा काळा ठेवण्यापेक्षा प्रोसेसरकडून कसंबसं चित्र काढून घेतात. सोय चांगली आहे, नाहीतर मशीन दुरुस्त करायलाही पडदा दिसला नसता. फॉरमॅटनं फरक पडतो तो नवा ड्रायव्हर बसतो म्हणून. मूळ कारण जागेवरच राहतं आणि दुखणं परत येतं.

तेव्हा दोनच प्रश्न विचारायचे. चित्र कोण काढतंय? आणि हे नेमकं कधी होतं? माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा, पण आधी पहिला.

चित्र कोण काढतंय

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. डावीकडे जीपीयू, म्हणजे कार्डाची चिप, दिसतोय का? दिसत असेल तर ज्या प्रोग्राममध्ये त्रास आहे त्यात मॉडेल फिरवत राहा आणि आलेख बघा. जीपीयूची रेघ तळाला चिकटलेली आणि प्रोसेसर छताला लागलेला, म्हणजे निदान झालं. जीपीयू यादीतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथं कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल तर विंडोजनं कार्डाचा ड्रायव्हर सोडून दिलाय. या अवस्थेत रिझोल्यूशन बदलत नाही, दुसरा मॉनिटर सापडत नाही, लॅपटॉपचा ब्राइटनेस हलत नाही आणि पॉवरच्या मेनूतून स्लीप गायब होतं. एवढ्या खुणांवरून फोनवरही ओळखता येतं. (फार जुन्या कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरलाही टास्क मॅनेजर जीपीयू दाखवत नाही, म्हणून डिव्हाइस मॅनेजर बघायचाच.)

सिस्टिम डिव्हाइसेसखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर ड्रायव्हर' दिसला तर मात्र घाबरू नका. तो धडधाकट मशीनवरही असतो. विंडोज 7 पासून मायक्रोसॉफ्टनं वार्प नावाचा सॉफ्टवेअर रेंडरर सोबत दिलाय, त्याचंच हे नाव.

प्रोग्रामच्या आत वेगळी नावं भेटतात. ऱ्हायनोमध्ये दागिने डिझाइन करणाऱ्यांनी ऑप्शन्समध्ये व्ह्यू आणि त्याखाली ओपनजीएल (थ्रीडी चित्र काढायचं एक मानक) उघडावं. तिथं 'जीडीआय जेनेरिक' दिसलं तर तो विंडोजचा स्वतःचा ओपनजीएल आहे, आवृत्ती 1.1. हे मानक 1997 सालचं. आजचा थ्रीडी प्रोग्राम त्यावर चालला तर रांगतो, नाहीतर उघडतच नाही. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा दिली की हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे की बंद ते दिसतं. क्रोममध्ये पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेषा आणि जीपीयू टाइप केलं तर यादी येते. तिच्यात 'सॉफ्टवेअर ओन्ली' किंवा 'स्विफ्टशेडर' दिसलं तर ब्राउझर प्रोसेसरवर चाललाय. लिनक्सवर जीएलएक्सइन्फो या आज्ञेच्या उत्तरात रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' आलं की तोच अर्थ.

नाव कार्डाचंच आहे, जीपीयूची रेघही वर आहे, आणि तरी मशीन हळू आहे? मग हे दुखणं वेगळं. पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

प्रोसेसर एवढा का दमतो

"माझा आय फाइव्ह आहे, त्याला काय जड?" हा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडतो.

फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. सेकंदाला 60 चित्रं हवी असतील तर 12 कोटी 44 लाख ठिपके दर सेकंदाला रंगवायचे. सहा कोरचा प्रोसेसर 3 गिगाहर्ट्झवर चालतोय असं धरलं, तर सगळे कोर मिळून सेकंदाला 18 अब्ज ठोके, म्हणजे कामाच्या छोट्या पायऱ्या. एका ठिपक्याच्या वाट्याला साधारण 145 ठोके आले. तेही विंडोज, अँटिव्हायरस आणि तुमचा मूळ प्रोग्राम यांनी काहीच वापरलं नाही तर. थ्रीडी दृश्यात एकाच ठिपक्यावर तीन-चार वस्तू एकामागे एक असतात आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा रंगवावा लागू शकतो. म्हणजे 145 चे चाळीसवर आले. फोर-के मॉनिटर असेल तर त्याचेही चौथाई.

चाळीस ठोक्यांत होतं काय? पृष्ठभागावर फोटो चिकटवलेला असेल तर साध्या फिल्टरिंगलाही त्या फोटोतले शेजारचे चार ठिपके मेमरीतून आणायचे आणि प्रमाणात मिसळायचे. मग प्रकाशाचा हिशेब, मग हा ठिपका कशाच्या मागे लपतोय का याची तपासणी, मग लिहिणं. ग्राफिक्स कार्डात फोटोतला रंग आणून मिसळायला वेगळे घटक असतात, खोली तपासायला वेगळे, रंग लिहायला वेगळे. ती कामं सर्किटमध्येच कोरलेली आहेत. प्रोसेसरला प्रत्येक पायरी सूचना वाचून करावी लागते. तो एका सूचनेत आठ-आठ आकडे हाताळतो हे खरं, त्यामुळे माझा हिशेब थोडा कठोर आहे. पण जीटीएक्स 1650 सारख्या साध्या कार्डातही 896 गणन-घटक आहेत आणि आरटीएक्स 3060 मध्ये 3,584. प्रोसेसरचा एक कोर आणि कार्डाचा एक घटक यांची बरोबरी नाही, तरी ठिपके रंगवण्यासारख्या एकसुरी कामात संख्याच जिंकते.

दुसरी अडचण मेमरीची. डीडीआर4-3200 रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर सेकंदाला 25.6 जीबी वाहतात, दोन लावल्या तर 51.2. आरटीएक्स 3060 च्या 12 जीबी कार्डावर हाच आकडा 360 आहे. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा 16 जीबीची एकच पट्टी दिसते. बिलात फार फरक पडत नाही, तेव्हा आठ-आठच्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तर याचा फायदा डोळ्यांना दिसतो.

सॉफ्टवेअर रेंडरर म्हणजे काहीतरी कामचलाऊ प्रकरण, असंही समजू नका. 1996 मध्ये क्वेक हा गेम साध्या पेंटियमवर, कार्डाशिवाय, थ्रीडी काढायचा. आजचा एलएलव्हीएमपाइप तर प्रोग्रामचे शेडर (ठिपक्यांचे रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) चालू असतानाच प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो आणि सगळ्या कोरना कामाला लावतो. हुशारी भरपूर आहे. काम त्याच्या जातीचं नाही, एवढंच.

कधी होतं ते लिहून ठेवा

माझा आग्रह इथं आहे. एका वहीत किंवा मोबाइलवर तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं एवढं टिपा. विंडोजकडेही नोंद असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा, दिवसवार तक्ता येतो. त्यात 'लाइव्ह कर्नल इव्हेंट' आणि 141 किंवा 117 हा कोड दिसला तर त्या दिवशी कार्डानं मान टाकली होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4101 क्रमांकाची नोंद 'डिस्प्ले ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं आणि तो सावरला' एवढंच सांगते. विंडोज कार्डाच्या उत्तराची 2 सेकंद वाट बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. साठ सेकंदांत असं पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर निळा पडदा.

निळा पडदा आला की मालक दखल तरी घेतो. फसवतं ते एखाद-दुसऱ्या वेळचं कोसळणं. पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो, आपण काम पुढे नेतो. पण त्या क्षणी उघडा असलेला प्रोग्राम कार्डावरचा विश्वास सोडून प्रोसेसरवर गेलेला असतो, आणि काही प्रोग्राम ते कायमचं लक्षात ठेवतात.

दुपारी होत असेल तर

एप्रिल-मे. भुसावळ-जळगावात पारा 44-45 वर, वर पत्र्याचं छत, दुपारी दोनची वेळ. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानाबरोबर चढतं. डिसेंबरात 70 अंशांवर सुखानं चालणारं कार्ड मेमध्ये त्याच कामाला 85-90 ला जातं. एनव्हिडियाची बरीच कार्डं 83 च्या आसपास आपणहून वेग उतरवायला लागतात. तिथपर्यंत नुसतं हळू होतं, काम कार्डच करत असतं. पंखा तुंबलेला असला, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असली, की पुढची पायरी ड्रायव्हर कोसळण्याची.

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून तापमानाची नोंद घ्या आणि ती 4101 च्या वेळेशी जुळवा. जुळलं तर ड्रायव्हर बदलत बसू नका, कॅबिनेट उघडा. जिनिंगच्या जवळ ऑफिस असेल तर कार्डाच्या पंख्यामागे कापसाच्या तंतूंची गादीच सापडते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका. झाकण काढून मशीन चालवणं हा उपाय नाही. चार दिवस बरं वाटतं, मग धूळ दुप्पट. आणि पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. ओलीनं स्लॉटचे आणि रॅमचे संपर्क खराब होतात, आणि पावसाळ्यात कार्डच सापडत नाही अशी नवी तक्रार सुरू होते.

एक स्वस्त उपाय मी जवळजवळ सगळ्यांना सुचवतो: आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्राममधून कार्डाची पॉवर लिमिट उन्हाळ्यापुरती 80 टक्क्यांवर आणा. कामाच्या वेगात फरक थोडा पडतो, उष्णतेत चांगलाच.

ठरावीक वेळी, मोटारी सुरू झाल्यावर

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांना पाणी सोडायची वेळ झाली, आजूबाजूच्या विहिरींच्या मोटारी एकदम लागल्या, की गावातलं व्होल्टेज खाली बसतं. दिवा मंद होतो ते दिसतं. स्वस्त एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत काय होतं ते दिसत नाही. कार्डाला 12 व्होल्टची लाइन लागते आणि मानकाप्रमाणे ती 11.4 ते 12.6 च्या आत राहायला हवी. नेमकं त्याच वेळी रेंडर लावलेला असेल तर भार सर्वांत जास्त आणि पुरवठा सर्वांत अशक्त.

स्लॉटमधून कार्डाला 75 वॅटच मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी 75, आठ पिनांच्या जोडणीतून 150. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून) कन्व्हर्टर लावून आठ पिना भरलेल्या असतील तर संशयाची सुई तिथंच ठेवा. उपाय सरळ आहे: नाव असलेला, पुरेशा वॅटचा एसएमपीएस आणि त्याच्या मागे यूपीएस किंवा स्टॅबिलायझर. चाळीस हजारांच्या कार्डाला आठशे रुपयांचा एसएमपीएस जोडणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

अपडेटनंतर

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट निघतात, आपल्याकडे ते मंगळवारी रात्री किंवा बुधवारी उतरतात. वहीतल्या तारखा त्या आठवड्याभोवती जमत असतील तर अपडेटसोबत ड्रायव्हर बदलला जातोय का ते बघा. अपडेटच्या इतिहासात ड्रायव्हरची वेगळी यादी असते.

तसं असेल तर क्रम असा ठेवा. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आधी उतरवून घ्या, मग नेट बंद करा. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरनं जुना साफ काढा, रिस्टार्ट करून नवा बसवा, आणि नेट जोडायच्या आधी सिस्टिम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमधल्या डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये 'नो' निवडा. नेट चालू ठेवून हे केलं तर आपण काढेपर्यंत विंडोज आपला ड्रायव्हर परत आणून बसवतं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत अपडेटमधून ड्रायव्हर वगळायची सोयही आहे.

रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं तर कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उठतात. "बंद करून चालू केलं, तरी तसंच" याचं हे कारण.

एकाच प्रोग्राममध्ये होत असेल तर

मग मशीनला हात लावू नका. फोटोशॉप सुरू होताना कार्ड तपासून बघतो, आणि त्या वेळी गडबड आढळली तर ग्राफिक्सची मदत तात्पुरती बंद केल्याचा निरोप देतो. तो निरोप ओके करून पुढे जायची आपल्याला सवय. प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखालची 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक परत लावा आणि प्रोग्राम बंद करून उघडा.

प्रीमियरचं दुखणं आणखी गमतीचं. रेंडरर ही तिथं प्रोजेक्टची सेटिंग आहे. पारोळ्याच्या लग्नाचा प्रोजेक्ट कुणी रात्री घरी कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर उघडला, प्रीमियरनं 'सॉफ्टवेअर ओन्ली' लावलं, प्रोजेक्ट सेव्ह झाला. सकाळी स्टुडिओतल्या दणकट मशीनवर तीच फाइल रडत चालते आणि शेजारची दुसरी पळते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जनरल, तिथं मर्क्युरी प्लेबॅक इंजिनाच्या ओळीत जीपीयू निवडा. फाइल लॅपटॉपवर फिरून आली की हे दर वेळी तपासायचं.

क्रोमला बंद करून उघडणं बहुधा पुरतं. नाहीतर सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण बघा.

घरून जोडल्यावर

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनं ऑफिसच्या मशीनवर गेलं तर ते सत्र पडद्याला जोडलेल्या कार्डाऐवजी स्वतःचा काल्पनिक पडदा वापरतं, आणि ओपनजीएलचे प्रोग्राम तिथं जीडीआय जेनेरिकवर घसरू शकतात. त्या मशीनच्या ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसखाली, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये 'सर्व सत्रांसाठी हार्डवेअर ग्राफिक्स अडॅप्टर वापरा' अशा अर्थाची ओळ आहे, ती चालू करा. एनीडेस्कसारखे प्रोग्राम खऱ्या पडद्याचीच नक्कल पाठवतात, त्यांना हा त्रास नाही.

कायमच असेल तर

मागची केबल बघा. हसू नका. मॉनिटरची केबल कार्डात नाही, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलेली असते, आणि महागडं कार्ड रिकामं बसून असतं. हे नेमकं सॉफ्टवेअर रेंडरिंग नाही, अंगभूत ग्राफिक्स काम करत असतं. पण तक्रार तीच. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू 0 धावताना आणि जीपीयू 1 झोपलेला दिसेल. 12400एफ सारख्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्सच नसतं, तिथं चुकीच्या जागी केबल लावली तर पडदाच येत नाही, म्हणून चूक लगेच कळते.

दुसरं कायमचं दुखणं जुन्या ब्रँडेड डब्यांचं. दुसऱ्या पिढीचे आय थ्री, आय फाइव्ह आपल्याकडे शाळेच्या लॅबपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे आहेत. त्यातल्या एचडी 2000 किंवा 3000 ग्राफिक्सचं ओपनजीएल 3.1 वर थांबतं आणि विंडोज 10 साठी इंटेलनं त्याचा ड्रायव्हर काढलेला नाही. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामला 2.80 आवृत्तीपासून ओपनजीएल 3.3 लागायचं, 4.0 पासून 4.3 लागतं. मेसाची (प्रोसेसरवर ओपनजीएल चालवणारी) डीएलएल फाइल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये टाकून तो उघडून देणारे लोक असतात, आणि तो उघडतोही. पण आता चित्र प्रोसेसर काढतोय, तोही जुना. विद्यार्थ्याला मेनू ओळखीचे करून द्यायला ठीक. त्यावर काम घेऊ नका.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

इन्स्टॉल करताना पडदा येत नव्हता म्हणून बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' (कार्डाचा ड्रायव्हर चढवू नको, अशा अर्थाचा शब्द) लिहिलं आणि ते तिथंच राहिलं, हे सर्वांत नेहमीचं कारण. ग्रबच्या सेटिंगमधून काढा, ग्रब अपडेट करा. दर काही आठवड्यांनी परत येत असेल तर कर्नल अपडेटकडे बघा: एनव्हिडियाचं ड्रायव्हर मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं गेलं नाही, किंवा सिक्युअर बूट चालू असून त्यावर मान्य सही नाही, की मॉड्यूल चढत नाही आणि एलएलव्हीएमपाइप येतो. आणि फक्त एकाच युजरला त्रास असेल तर तो रेंडर किंवा व्हिडिओ या गटात आहे का ते तपासा.

प्रोसेसरवरच ठेवावं असंही काम असतं

ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये शेवटचं चित्र प्रोसेसरवर काढणं हा बिघाड नाही. उलट प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली कुडा किंवा ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायचे पर्याय) निवडेपर्यंत ते तसंच असतं. दृश्य मोठं असेल, 4 जीबीच्या कार्डात मावत नसेल, आणि मशीनमध्ये 32 जीबी रॅम असेल तर रात्रभर प्रोसेसरवर लावलेलं रेंडर सकाळी पूर्ण मिळतं, कार्डावरचं मेमरी संपल्याचा निरोप देऊन थांबलेलं असू शकतं. सराफाच्या कॅटलॉगसाठी हिऱ्यांनी भरलेला हार रेंडर करणाऱ्यांनी निदान एकदा दोन्ही लावून वेळ मोजावा. टॅली, टायपिंग, बिलिंग एवढंच चालणाऱ्या मशीनवर तर बेसिक डिस्प्ले अडॅप्टर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथं रिझोल्यूशन ठीक असेल तर कार्ड विकायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवलं तरी चालतं.